नावाचा रिकामा रकाना

थांब, थांब वं माय, थांब, असं मी त्या कॉम्प्युटरले म्हणून राह्यली होती, मोठ्यानं, जसं काही ते ऐकणारच होतं. पांढऱ्या चौकोनात ओळी खालून वर पळत होत्या. काढलं. काढलं. काढलं. मले एका बारशाचे फोटो साफ कराचे होते, बस, तेवढंच. बारशाच्या ओळी येऊन गेल्या अन् मंग थांबाचं सोडून मशीन पुढंच चाललं. कोणाच्या तरी वास्तुशांतीचं नाव गेलं. मंग शाळेच्या गॅदरिंगचं. मंग त्या लग्नाचं नाव आलं, ज्याच्या नवरीची चिठ्ठी माह्या डोक्यावर खिळ्याले लटकून होती.

मी काय करू? माऊस हलवला, हलेना. कीबोर्डवर थापा मारल्या. शेतात मोटर जळाचा वास आला की माहा सासरा आधी फ्यूजची ग्रीप उपसते, कायले झालं ते मंग पाह्यते, तेच मले आठवलं. मी टेबलाखाली घुसली अन् कॉम्प्युटरची पिन बोर्डातून उपसली.

सगळं काळं. पंखा तेवढा फिरून राह्यला होता. अन् माही पोरगी झोळीत उठून बसली अन् रडाले लागली.

मी कोण ते सांगते. मी खामगाव रस्त्यावरच्या उंद्री गावात एका फोटो स्टुडिओत कामाले हाये. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, पोरगी झाली. आमचे हे खामगावले कामाले जातात, सकाळी जातात अन् दिवे लागले की येतात. स्टुडिओ एका काकाचा हाये. काका लग्नं-बारशांचे फोटो काढत गावोगावी फिरतात, म्हून दुकानात बसाले कोणी पाहिजे होतं. मी विचाराले गेली तवा पोरगी कडेवर होती. मले वाटलं, हे पाहून नाहीच म्हणतीन. काका म्हणले, उद्यापासून ये. दुसऱ्या दिवशी गेली तर फोटोसाठी लावलेल्या धबधब्याच्या चित्राच्या पडद्यामागं छताच्या अँगलले एक जुनं लुगडं बांधून झोळी तयार. म्हणले, "तिथं हवा बी लागते अन् गिऱ्हाईकाले दिसत बी नाही." आजवर असा मालक कोणाले भेटला असंन तर मले सांगा.

कॉम्प्युटर मले येत नव्हता. आता बी पुरा येत नाही. पण काकाची पोरगी, तिले मी ताई म्हणते, ती पुण्याले कॉम्प्युटरचंच काम करते. बापाले सोपं जावं म्हून तिनं एक प्रोग्राम बनवून ठेवला होता. एक खिडकी. वरती एक रकाना, त्यात गिऱ्हाईकाचं नाव टाकाचं. त्याच्याखाली तीन बटनं. लहान करा, म्हंजे मोबाईलवर पाठवाले फोटो हलके होतात. पेनड्राईव्हवर टाका. अन् साफ करा, म्हंजे गिऱ्हाईक आपले फोटो घेऊन गेलं की मशीनमधली त्याची जागा मोकळी कराची. अन् सगळ्यात खाली एक लांबरुंद पांढरा चौकोन.

ताई दिवाळीले आली तवा तिनं मले बाजूले बसवून शिकवलं. म्हणे, "हे पाह्य, बटन म्हंजे नुसता निरोप्या. काम बटन करत नाही. बटनामागं एक चिठ्ठी असते, तिले स्क्रिप्ट म्हणतात. तिच्यात मशीननं काय काय कराचं ते ओळीनं लिहून ठेवलं हाये. तू बटन दाबलं की माहा प्रोग्राम ती चिठ्ठी मशीनच्या हातात देते."

"अन् हा पांढरा डब्बा?"

"मशीन काम करता करता आतल्या आत पुटपुटते. हे केलं, ते केलं, हे सापडलं नाही. ते पुटपुटणं धरून आणून इथं मांडते हा प्रोग्राम."

मी म्हणलं, "माही सासू बी तशीच हाये. चुलीपुढं पुटपुटते, अन् मी दाराआडून ऐकते."

ताई इतकी हसली का तिच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणे, "बस, मंग तुले समजलं. साधं पुटपुटलं तर काळ्या अक्षरात येईन. तक्रार केली तर लाल अक्षरात. अन् शेवटी एक आकडा. शून्य आला तर सगळं बरोबर."

"शून्य? शाळेत तर शून्य म्हंजे नापास."

"इथं उलटं हाये. शून्य चुका."

त्या शून्याचं मले लय बरं वाटलं होतं. रोज मले दहा-बारा शून्य भेटत. आधी ते पुटपुटणं सगळं इंग्रजीत होतं, मी अक्षर अक्षर लावून वाचत बसे. ताईनं पाह्यलं अन् दुसऱ्या दिवशी सगळं मराठीत करून देल्लं. काढलं. सापडलं. सापडलं नाही. झालं.

आता त्या दिवशी काय झालं ते.

बारशावाला गिऱ्हाईक सकाळीच पेनड्राईव्ह घेऊन गेला. काका दुपारच्या लग्नाले सकाळीच निघाले होते, जाता जाता म्हणले, "त्या बारशाचं साफ करून टाकजो, जागा भरत आली." मी हो म्हणलं. खिडकी उघडली. नावाच्या रकान्यात रेघ लुकलुक करून राह्यली होती. अन् माहे बोटं थांबले.

त्या गिऱ्हाईकाचं नाव अन् आमच्या ह्यांचं नाव एकच.

तुम्ही हसान. पुण्या-मुंबईच्या बाया तर नवऱ्याले नावानंच हाका मारतात, मले माहीत हाये. पण आमच्या घरी नाही घेत. सासू म्हणते, बाईनं नाव घेतलं का माणसाचं आयुष्य कमी होते. मी मानते का नाही ते मले बी माहीत नाही, पण ते खामगावच्या रस्त्यानं रोज मोटरसायकलवर जातात, ट्रक येतात-जातात, उगं कायले परीक्षा पाहाची? दवाखान्यात पोरगी झाली तवा नर्सबाईनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय, तवा मी तशा कळा येऊन राह्यल्या असताना पिशवीतून त्यांचं आधार कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. उखाण्यात एकदा घेतलं, ते बी बायांनी दार अडवून धरलं म्हून. लिहिलं तर कधीच नाही.

मी पहिलं अक्षर टाकलं. मंग पुसलं. मंग म्हणलं, जाऊ दे ना, एकच तर फोल्डर साफ कराचं हाये आज, बाकी कोणाचं काकांनी सांगितलंच नाही. घरी मी "ते आले का" म्हणलं का सगळ्याले समजते कोण ते. कोणी विचारत नाही. मले वाटलं, मशीनले बी समजंन. अन् रकाना तसाच रिकामा ठेवला अन् साफ करा दाबलं. त्यानं विचारलं, नक्की? मी रोजच्यासारखं हो म्हणलं.

मशीनले नाही समजलं. मशीनले वाटलं, कोणाचंच नाव नाही म्हंजे सगळेच.

पिन उपसल्यावर मी पोरीले कडेवर घेतलं अन् त्या काळ्या पडद्यासमोर उभी राह्यली. ती रडून राह्यली होती अन् मी बी. मले वास्तुशांतीचं काही नव्हतं, ते लोकं आपले फोटो घेऊन गेले होते. शाळेचे बी. पण त्या लग्नाचे फोटो दुसरीकडं कुठीच नव्हते. कॅमेऱ्याचं कार्ड काकांनी पुसून पुढच्या लग्नाले नेलं होतं. अन् डोक्यावर ती चिठ्ठी.

ती चिठ्ठी नवरीनं लिहिली होती. अल्बममधे कोणते फोटो घ्याचे त्याचे नंबर असतात त्यात, सगळेच गिऱ्हाईक देतात. पण तिनं पहिल्या नंबरभोवती गोल काढला होता अन् बाजूले लिहिलं होतं, हा मोठा करून फ्रेम. देताना मले म्हणली होती, "वहिनी, बाकीचे गेले तरी चालतीन, हा एक सांभाळजो."

मी विचारलं, "काय हाये त्यात?"

"माही माय हाये."

बाकीच्या फोटोत नव्हती का तिची माय? नव्हती. तिचा बाप ती लहान असतानाच वारला. अन् तशा बाईले आमच्याकडं हळदीच्या मांडवात कोणी पुढं होऊ देत नाही. कोणी हाकलत नाही, तीच मागं राह्यते, स्वयंपाकाकडं, पाणी भराले. हळदीच्या दिवशी नवरीनं उठून जाऊन मायेचा हात धरून आणला अन् हळदीच्या वाटीत बुडवला अन् आपल्या गालाले लावला. माय लाजून हसली. एवढ्यात बाकीच्या बाया पाह्यतच राह्यल्या, अन् काकांनी बटन दाबलं. एकच फोटो. दुसऱ्या घडीले माय परत आत गेली. पूर्ण लग्नात तिचा तो एकच फोटो.

अन् तो मी काढून टाकला होता. एक नाव न लिहिता.

काकाले फोन केला. मले नीट बोलता येईना, मी नुसती "काका, काका" करून राह्यली होती. काका घाबरले, म्हणले, "लेकरू बरं हाये ना?" पहिलं ते विचारलं. मी म्हणलं, पोरगी बरी हाये, पण सगळं साफ झालं. मांडवातला बँड ऐकू येऊन राह्यला होता. मंग स्वतःच म्हणले, "पोरीनं दाबलं असंन बटन. लेकराचं काय."

मी "हूं" म्हणलं.

मी "हूं" म्हणलं, हे लिहाले मले लाज वाटते. ती तर झोळीत होती. तिच्या हाताले कीबोर्ड लागला बी नव्हता. पण "मी नवऱ्याचं नाव टाकलं नाही" हे मी त्या माणसाले कोणत्या तोंडानं सांगू? अन् तेवढ्यानं माहं काम वाचत होतं. फोन ठेवल्यावर मले समजलं का उद्यापासून काका म्हणतीन, पोरीले आणू नको. मंग कुठचं काम?

काकांनी ताईले फोन केला असंन, कारण दहा मिनिटांत ताईचाच फोन आला. "वहिनी, ऐक. कॉम्प्युटर चालू केला?"

"नाही. पिन काढली."

"पिन? कोणी सांगितलं तुले?"

"कोणी नाही. मोटरची काढतात तशी काढली."

ताई म्हणे, "लय चांगलं केलं. आता चालूच करू नको. कोणालेच करू देऊ नको. त्याच्यावर नवं काही लिहिल्या गेलं नाही तर जुनं अजून आत पडलेलं असते. मी शनिवारी येते."

मी कागदावर लिहिलं, हात लावू नये, अन् तो पडद्यावर चिटकवला. दोन दिवस दुकान होतं अन् नव्हतं. नवरी बी येऊन गेली, तिनं कागद पाह्यला अन् विचारलं, "बिघडला का?" मी म्हणलं, "हो, दुरुस्तीवाल्या ताई येऊन राह्यल्या." ती म्हणे, "माहा फोटो हाये ना आत?" मी म्हणलं, "आत हाये." ते खोटं नव्हतं. ताईनंच सांगितलं होतं, आत पडलेलं असते.

शनिवारी सकाळी ताई आली. चहा बी घेतला नाही. सोबत एक छोटी डिस्क आणली होती, तिच्यावरून कॉम्प्युटर चालू केला, म्हंजे जुन्या डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये. सगळ्यात पहिले तिनं एक फाईल उघडली. मले माहीतच नव्हतं, पांढऱ्या चौकोनात जे जे येते ते प्रोग्राम एका फायलीत बी उतरवून ठेवते. माह्या सगळ्या दिवसांचं होतं तिथं. मले भेटलेले सगळे शून्य. अन् खाली तो दिवस. 'नाव' हा शब्द, अन् त्याच्यापुढं दोन कंस, कंसात काहीच नाही.

ताई त्या ओळीकडं पाह्यत राह्यली. मंग माह्या पोरीकडं पाह्यलं, ती झोळीत पाय वर करून खेळत होती. मंग म्हणे, "लेकरानं दाबलं असतं तर नावात काही बी उमटलं असतं. ककककक नाही तर काही. हे तर साफ रिकामं हाये."

काका काउंटरवर बसून होते. मी त्यांच्याकडं पाह्यलं नाही. ताईले म्हणलं, "पोरीनं नाही दाबलं. मी दाबलं."

"अन् नाव?"

मी भिंतीवर लावलेल्या बारशाच्या बिलावरच्या नावाकडं बोट दाखवलं. म्हणलं, "ते नाव… आमच्या ह्यांचं बी तेच हाये."

मले वाटलं होतं, ती हसंन. नाही तर ओरडंन. काका खाकरले. ताईनं कपाळाले हात लावला अन् म्हणली, "चूक माही हाये वं, वहिनी. रिकामं नाव आलं तर थांब, असं चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिहाले पाहिजे होतं. हे आम्हाले शिकवतात. मले वाटलं, माहा बाप रिकामं कायले सोडते. तुह्यासारखी कोणी येईन, असं डोक्यातच आलं नाही."

काका तिकडून म्हणले, "अन् म्या उगं लेकराचं नाव घेतलं." बस, एवढंच. झोळीचं कोणी काही बोललं नाही. झोळी अजून तिथंच हाये.

ताईनं डिस्कमधून फोटो उकराले लावले. दुपारपर्यंत चाललं. निघाले तर हजारोनं निघाले, पण कोणालेच नाव नव्हतं, नुसते नवे आकडे. माहं तोंड उतरलं. ताई म्हणे, "थांब. त्या दिवशी मशीन पुटपुटलं तवा नाव अन् साईज दोन्ही पुटपुटलं. ते आपल्यापाशी हाये, फोटोची साईज जुळली का त्याचं नाव भेटंन." तिनं माह्यासमोर एक नवी चिठ्ठी लिहिली, नवं बटन बनवलं, त्यावर लिहिलं, जुळवा. म्हणे, "दाब."

"मी?"

"मंग कोण?"

मी दाबलं. पांढऱ्या चौकोनात ओळी पळाले लागल्या. त्याच रंगाच्या, तशाच. पण आता त्या म्हणून राह्यल्या होत्या, जुळलं. जुळलं. जुळलं. मी पोरीले पोटाशी धरून पाह्यत होती. मधेच लाल, नाही जुळलं. परत काळं. संपलं तवा त्या लग्नाचे जवळपास सगळे आले होते. मी खिळ्यावरची चिठ्ठी काढली अन् गोल केलेला नंबर पाह्यला. तो लालमधे होता.

ताई म्हणे, फोटोच्या फायलीच्या शेपटाले दुसरं काही चिकटून आलं असंन, म्हून साईज जुळत नसंन. बिनजुळलेले फोटो डोळ्यानं पाहावे लागतीन. ती दमली होती. मी म्हणलं, "तुम्ही चहा घ्या, मी पाह्यते." काही अर्धे करडे होते. काहींत नुसते पाय. मी एक एक सरकवत गेली. वास्तुशांती, कलश, कोणाचं तरी कुत्रं, शाळेचे पोरं. अन् मंग एकदम पिवळं. हळदीत बुडलेला हात, गाल, अन् ती हसणारी माय, डोक्यावरचा पदर मागं सरकलेला. पुरा होता. एक कोपरा बी गेला नव्हता.

मी ओरडली नाही. पोरगी झोपली होती. ताईच्या खांद्याले हात लावला, अन् तिनं वळून पाह्यलं.

संध्याकाळच्या आत ताईनं जुनी चिठ्ठी दुरुस्त केली. म्हणे, "नावं टाईप करूच नको, यादी देऊ का? बोट ठेवलं का झालं." मी म्हणलं, यादी द्या, पण रकाना बी राहू द्या. मंग तिनं रिकाम्या रकान्यावर साफ करा दाबून दाखवलं, लाल अक्षरात आलं, कोणाचं ते सांग ना बाई. काका बी हसले. मंग ती बॅग भराले गेली अन् मी एकटी होती, तवा मी त्या रकान्यात आमच्या ह्यांचं नाव लिहिलं. पूर्ण. अन् साफ करा दाबलं. लिही म्हून कोणी म्हणलं नव्हतं. पांढऱ्या चौकोनात आलं, सापडलं नाही. बारशाचं फोल्डर गेलंच होतं ना. पण नाव उमटलं होतं, फायलीत बी उतरलं असंन. आमचे हे त्या संध्याकाळी धडधाकट घरी आले. इथं मात्र मी ते लिहीत नाही.

सोमवारी नवरी आली, सोबत तिची माय. मी मोठा केलेला फोटो पडद्यावर दाखवला. नवरीनं तोंडावर हात ठेवला. म्हणे, "वहिनी, तुमचे उपकार," अन् मी म्हणलं, माहे नाही, माहे नाही, पण ऐकते कोण. ती फ्रेम पसंत कराले काकाकडं गेली. माय माह्यापाशीच राह्यली. पदर पुढं ओढून तिनं फोटो लय वेळ पाह्यला. मंग हळूच म्हणली, "बाई, हा काढून टाकजो."

"काऊन?"

"पोरीच्या सासरी फ्रेम लागंन. लोकं म्हणतीन, हिनं हळदीले हात लावला म्हून असं झालं, तसं झालं. उद्या पोरीचं डोकं जरी दुखलं तरी माह्यावर येईन. तू म्हण, मशीन बिघडलं, गेला."

मले तिचा राग नाही आला. मी कोणत्या तोंडानं रागवू? मी तर जिवंत नवऱ्याचं नाव लिहाले भेली होती. तिची भीती मले घरातलीच वाटली. मी तिले सगळं सांगितलं, रिकामा रकाना, पिन, शनिवार, जुळवा. ती ऐकत राह्यली अन् मधेच हसली, अगदी फोटोतल्यासारखी. मंग परत म्हणली, "तरी काढ, बाई. तुह्या हातात हाये."

अन् होतं माह्या हातात. यादीत बोट ठेवाचं, साफ करा, नक्की, हो. शून्य आलं असतं. तिकडं नवरी काकाले सांगून राह्यली होती, फ्रेम सोनेरी नको, साधी लाकडाची.

मी साफ नाही केलं. मी त्या फोटोची एक छोटी प्रत काढली, पाकिटात घातली अन् मायेच्या हातात देल्ली. म्हणलं, "मावशी, ही तुमची. ठेवा, फाडा, तुमची मर्जी. पण मोठा फोटो तुमच्या पोरीनं मागतला हाये, तो तिचा हाये. तिले तुम्हीच सांगा." मावशीनं पाकीट कमरेले खोसलं. जाताना माह्या पोरीच्या झोळीले एक झोका देल्ला.

फ्रेम गेली. मावशीनं पोरीले सांगितलं का नाही, मले माहीत नाही. मी तिची मर्जी मोडली का पोरीची राखली, हे मी झोळी हलवता हलवता रोज विचारते. तुम्ही तिथं असत्या, ती पदर ओढून समोर उभी, पोरगी पाठमोरी, अन् बटन तुमच्या बोटाखाली, तर तुम्ही काय केलं असतं?